इंग्रजीत कॅपिटल अक्षर नक्की कुठे? (शाळेच्या स्मरणिकेची इंग्रजी पानं अडलीत)

वेण्णाकाठचा मास्तर (सातारा)

नमस्कार मंडळी.

आमच्या शाळेची स्मरणिका निघतेय. माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत, काही परदेशात, म्हणून थोडी पानं इंग्रजीत करायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मजकूर तयार आहे. वाद चाललाय तो कॅपिटल अक्षरांवरून.

समितीचं म्हणणं असं, की चेअरमन, सेक्रेटरी, हेडमास्टर, डोनर, चीफ गेस्ट हे तर कॅपिटल पाहिजेतच. शिवाय बिल्डिंग, लायब्ररी, ग्राउंड, बोअरवेल हेसुद्धा. "संस्थेचा अध्यक्ष लहान सी ने? बरं दिसतं का ते?" असं मला तोंडावर विचारलं. आता पान बघितलं की निम्मे शब्द छाती काढून उभे असल्यासारखे दिसतात. उलट, आमच्याच शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीने मनोगत पाठवलंय. तिने पदं लहान अक्षरात लिहिलीत, उन्हाळा-पावसाळाही लहान, पण सोमवार-मंगळवार मोठे. समितीला वाटतं पोरीला इंग्रजी येत नाही. मला वाटतं तिचंच बरोबर आहे, पण का, ते पटवून देता येईना.

पाचवीत आपण पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा चारही लिपी दुरेघी वहीत गिरवल्या. कुठली कधी वापरायची, याची बोळवण मात्र तीन गोष्टींत झाली: वाक्याची सुरुवात, 'मी' या अर्थाचा आय आणि विशेषनाम. विशेषनाम कशाला म्हणायचं, इथेच घोडं अडतं.

इथे रोमन उमटत नाही, तेव्हा कुठलं अक्षर मोठं ते शब्दांत सांगा.

---

राजवाडा कट्टा (सातारा)

सोपं आहे मास्तर. अख्खी स्मरणिका कॅपिटलमध्ये छापा. कुणाचा मान कमी नको, कुणाचा जास्त नको.

---

विश्रामबागच्या बाई (सांगली)

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

गोंधळ कुठून होतो ते आधी बघू. मराठीत मान क्रियापदात आणि सर्वनामात बसतो. अध्यक्ष आले, ते बोलले, त्यांच्या हस्ते. इंग्रजी क्रियापदात ही सोय नाही. अध्यक्षही 'केम' आणि शिपाईही 'केम'. मग राहिलेला मान आपण अक्षराच्या उंचीतून भरून काढायला जातो. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्यात मान दिसत नाही. त्याला एवढंच कळतं, की हे एका ठरावीक माणसाचं, जागेचं किंवा संस्थेचं नाव आहे.

पदांचं म्हणाल, तर पद नावाला चिकटून आधी आलं की ते नावाचाच भाग होतं. 'चेअरमन पाटील' यात सी मोठा. 'पाटील, द चेअरमन ऑफ द ट्रस्ट' यात सी लहान. नुसतं 'द चेअरमन सेड' असेल तरी लहान. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका (लेखनाच्या नियमांचं पुस्तक) आणि पुस्तकवाल्यांची शिकागोची पुस्तिका यांची बऱ्याच बाबतींत तोंडं दोन दिशांना असतात, पण इथे दोघांचं एकमत आहे. लंडनचं 'गार्डियन' तर त्याच्याही पुढे. ते पंतप्रधानांचं पदसुद्धा लहान अक्षरात छापतं, नाव लगेच पुढे आलं तरी. तिथल्या पंतप्रधानाला त्यात अपमान वाटत नाही. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं पुष्कळदा 'चीफ मिनिस्टर' मोठा ठेवतात. तोही चालतो, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसाच ठेवला तर.

नात्यांनाही हाच न्याय. 'माय मदर' मधला एम लहान, कारण माय म्हटलं की ते नातं झालं. पण नावाच्या जागी हाक मारल्यासारखं आलं, जसं 'आय आस्क्ड मदर', तर मोठा. आपण इंग्रजीत 'आजी' लिहितो तेव्हाही असंच: 'माय आजी' लहान ए, आणि 'देन आजी लाफ्ड' मोठा ए.

वार, महिने, सण मोठे. श्रावण मोठा, गणेश चतुर्थी मोठी. ऋतू लहान: समर, विंटर, मान्सून. शाळेच्या विषयांत भाषा मोठ्या, कारण त्या नावं आहेत. मराठी, इंग्लिश, संस्कृत मोठे; गणित, इतिहास, भूगोल लहान. वेळापत्रकात प्रत्येक विषय वेगळ्या चौकटीत येतो म्हणून तिथे सगळ्यांचं पहिलं अक्षर मोठं असतं. तेच डोळ्यात बसतं आणि निबंधात उतरतं.

बिल्डिंग आणि बोअरवेलला मात्र मी कुठल्याही शैलीपुस्तिकेत कॅपिटल मिळवून देऊ शकत नाही. बोअरवेलला कुणी नाव ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी.

---

राजवाडा कट्टा (सातारा)

बोअरवेलच्या कोनशिलेवर नाव आहे बाई. बोअरवेलचं नाही, उद्घाटकाचं.

---

कराडचा काळा कोट (कराड)

बाईंशी सहमत, पण समितीला हे वेड लागलं कुठून ते सांगतो. कागदपत्रांतून.

भाडेकरारात पहिल्या परिच्छेदात आम्ही लिहितो, की अमुक इसम, यापुढे ज्यांना 'लेसर' (भाड्याने देणारा) म्हटले आहे. तिथून पुढे त्या शब्दाचा एल मोठाच. कारण त्या कागदापुरतं ते त्या एका माणसाचं नाव झालं. शेजारच्या घराचा मालक त्या कागदात आला तर तो लहान एल चा. वाद कोर्टात गेला, तर कुणाचा उल्लेख कुठे आहे हे एका अक्षरावरून कळतं. राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात राष्ट्रपतींच्या 'प्रेसिडेंट'चा पी मोठा आहे तोही त्यामुळेच. ते एक ठरावीक घटनात्मक पद आहे. उद्देशिकेत तर न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द अख्खे कॅपिटलमध्ये आहेत.

तेव्हा तुमच्या संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत आणि ठरावाच्या वहीत 'चेअरमन' मोठा असेल तर तो बरोबरच आहे. स्मरणिका हा काही ठराव नाही. पण विश्वस्तांची सवय नियमावलीतली असते, म्हणून ती सगळीकडे येते.

अवांतर: अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना काढून बघा. तीत जवळजवळ प्रत्येक नाम कॅपिटल आहे. 'वुई द पीपल' मधला पी मोठा आणि पुढे 'इन ऑर्डर टू' मधल्या ऑर्डरचा ओ सुद्धा मोठा. जर्मन भाषेत आजही प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं. इंग्रजीने ती पद्धत सोडली. म्हणजे तुमच्या समितीचं इंग्रजी चुकीचं नाही मास्तर, फक्त दोनशे वर्षं जुनं आहे.

---

वेण्णाकाठचा मास्तर (सातारा)

काळा कोट, हे शेवटचं वाक्य मी बैठकीत वापरणार आहे. नोकरी राहिली तर कळवतो.

बाई, आता भूगोल. एका लेखात सहलीचं वर्णन आहे. कराडचा प्रीतिसंगम, कृष्णा, कोयना, कास पठार, महाबळेश्वर, पश्चिम घाट, पश्चिम महाराष्ट्र. यातल्या 'रिव्हर', 'हिल', 'वेस्टर्न' यांचं काय करायचं?

---

विश्रामबागच्या बाई (सांगली)

'कृष्णा रिव्हर' मधला आर मोठा, कारण जोडून नाव झालं. पुढच्या वाक्यात नुसतं 'द रिव्हर' आलं की लहान. महाबळेश्वरचे विल्सन पॉइंट, आर्थर्स सीट ही नावं, म्हणून पॉइंट आणि सीट मोठे. 'हिल स्टेशन' हे वर्णन, ते लहान.

दिशांचं असं: वेस्टर्न घाट्स हे एका पर्वतरांगेचं ठरलेलं नाव आहे, युनेस्कोच्या यादीत २०१२ साली गेलं तेही त्याच नावाने. दोन्ही शब्द मोठे. 'आम्ही वेस्टला वळलो' यात लहान. पश्चिम महाराष्ट्र मधेच लोंबकळतो. हा अधिकृत प्रांत नाही, म्हणून बाहेरचा संपादक डब्ल्यू लहान करेल. पण आपल्याकडे ऊस, सहकार, राजकारण हे सगळं त्या नावाभोवती असल्याने इथला माणूस तो मोठाच लिहितो. मी असते तर मोठा ठेवला असता.

आणि प्रीतिसंगमावर तर गंमत आहे. 'कृष्णा अँड कोयना रिव्हर्स' असं एकत्र लिहिलं, की असोसिएटेड प्रेस म्हणते आर लहान, कारण दोघींना मिळून लावलेला तो साधा शब्द आहे. शिकागो म्हणते आर मोठा. दोन नद्या तिथे समोरासमोरून येऊन मिळतात, पण या दोन पुस्तिका काही मिळत नाहीत. तुम्ही कुठलीही एक धरा.

---

कोयनानगर (पाटण)

नद्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या खात्यातलं सांगतो. साहित्यात मोठं-लहान चुकलं तर फार तर बाई रागावतील. वीज खात्यात अर्थच बदलतो.

कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. मेगाचा एम मोठा, वॅटचा डब्ल्यू मोठा. हाच एम लहान केला की तो मिली होतो. म्हणजे १९६० मिलीवॅट, दोन वॅटसुद्धा नाही. देवघरातला एलईडी दिवा कसाबसा लागेल. एका अक्षराच्या उंचीने कोयना अब्जावधी नाही, पण बरोबर एक अब्ज पटीने लहान होते.

किलोचा के नेहमी लहान. मोठा के हे केल्विनचं चिन्ह आहे. त्यामुळे किलोमीटर, किलोग्रॅम, किलोव्होट सगळीकडे के लहान. किलोव्होटमध्ये के लहान, व्ही मोठा. उपकेंद्रांच्या फलकांवर दोन्ही मोठे रंगवलेले दिसतात, ते रंगाऱ्याच्या सोयीने. शास्त्रज्ञांच्या नावावरून आलेल्या एककांचं चिन्ह मोठं, पण एकक पूर्ण लिहिलं तर लहान: वॅट, न्यूटन, पास्कल, अँपिअर सगळे लहान अक्षराने. एकटे सेल्सिअस अपवाद, 'डिग्री सेल्सिअस' मधला सी मोठा. लिटर कुणा माणसाच्या नावावरून आलेलं नाही, तरी त्याला मोठा एल चालतो. लहान एल छापल्यावर एक आकड्यासारखा दिसतो म्हणून १९७९ मध्ये तशी परवानगी दिली.

अजून एक. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी. हे संक्षेप कॅपिटलमध्ये असतं म्हणून लोक त्याचं पूर्ण रूपही थाउजंड, मिलियन, क्युबिक, फीट असं चारही कॅपिटलने लिहितात. गरज नाही. संक्षेप मोठं असलं तरी आतले शब्द साधेच आहेत.

---

कासची वाट (सातारा)

मास्तर, सहलीच्या लेखात कासचा वायतुरा असेल तर सांभाळा. त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. पहिला शब्द प्रजातीचा, ए मोठा. दुसरा शब्द साताऱ्यावरून आलाय, तरी त्यातला एस लहान! शास्त्रीय नावात दुसरा शब्द नेहमी लहान अक्षराने, मग तो गावावरून येवो की माणसावरून. आणि दोन्ही तिरक्या टाइपात. समितीतला कुणीतरी नक्की म्हणेल की साताऱ्याचं नाव लहान अक्षरात छापलं.

---

मिरजेचा औषधवाला (मिरज)

आमच्याकडे उलट. औषधाचं मूळ नाव लहान, कंपनीने ठेवलेलं मोठं. पॅरासिटामॉल लहान पी, क्रोसिन मोठा सी. आजारातही मलेरिया लहान, पण पार्किन्सन्स डिसीज मधला पी मोठा आणि डी लहान, कारण पार्किन्सन हे डॉक्टर होते आणि डिसीज हा नुसता आजार.

---

तासगावचा बागायतदार (तासगाव)

द्राक्ष लहान, पण जात मोठी. 'थॉम्पसन सीडलेस' मधले टी आणि एस दोन्ही मोठे, आणि शास्त्रीय लिखाणात जातीच्या नावाला एकेरी अवतरणचिन्ह. आमची 'तास-ए-गणेश' पण तशीच. बाकी तुमचं चालू द्या.

---

खणभागातला जुना जुळारी (सांगली)

मी खिळे जुळवायचो तेव्हाचं सांगतो. इंग्रजीचं काम आलं की दोन केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्या, पुढ्यात मांडायच्या. वरच्या केसमध्ये कॅपिटल, खालच्या केसमध्ये लहान. खालच्या खणांत खिळे भरपूर, वरच्यात मोजके, कारण टाइप ओतणारा इंग्रजीच्या हिशोबाने ओतायचा आणि इंग्रजीला कॅपिटल कमी लागतात. मग आपल्याकडचं गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, पत्रिकेतली गावं-नावं अख्खी कॅपिटलमध्ये पाहिजेत. आपल्या नावांत ए किती! एकट्या महाबळेश्वरला चार जातात. तिसऱ्या ओळीला ए चा खण रिकामा, मग दुसऱ्या टाइपातले ए घालायचे. जुन्या पत्रिका बघा, एकाच शब्दात दोन जातीचे ए सापडतील.

काळ्या कोटांनी अमेरिकेचं काढलं म्हणून आठवलं. बेंजामिन फ्रँकलिन मूळचा आमच्याच धंद्यातला, मुद्रक. नामांची कॅपिटल गेली याचं त्याला वाईट वाटायचं. १७८९ मध्ये त्याने कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहिलं, त्यात ही तक्रार आहे. त्याचं म्हणणं, नामं मोठी असली की ज्यांना इंग्रजी फारसं येत नाही त्यांना सोपं जातं. मास्तर, तुमच्या समितीच्या बाजूने एक भारी साक्षीदार आहे बघा.

---

पेठनाका (वाळवा)

बाई, सगळं पटलं. फक्त मानाचा कॅपिटलशी संबंधच नाही, हे पटत नाही.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा जो 'नीग्रो' शब्द होता, तो वर्तमानपत्रं लहान एन ने छापायची. कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस आणि इतर अनेकांनी तो मोठा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने १९३० मध्ये मोठा एन स्वीकारला, आणि स्वाभिमानाची कदर म्हणून हे करतोय असं अग्रलेखात लिहिलं. पुढे शब्द बदलला आणि तोच प्रश्न पुन्हा आला. जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसने 'ब्लॅक' मोठ्या बी ने लिहायला सुरुवात केली. आपल्याकडेही इंग्रजीत 'दलित' मोठ्या डी ने लिहितात. या सगळ्यात मान नाही तर काय आहे?

---

विश्रामबागच्या बाई (सांगली)

पेठनाका, मुद्दा घेतला. माझं वरचं विधान थोडं आखडतं घेते.

पण त्या लोकांनी मागितलं काय ते बघा. आयरिश, ज्यू, इटालियन यांची नावं मोठ्या अक्षराने येतात आणि आमचं मात्र रंगाच्या विशेषणासारखं लहान. आमचंही समाज म्हणून नाव आहे, ते नावासारखं लिहा, ही मागणी होती. बाकीच्यांना जो नियम आहे तोच आम्हाला लावा. 'दलित' हेही लोकांनी स्वतः घेतलेलं नाव आहे. समितीची मागणी बाकीच्यांपेक्षा वेगळा नियम हवा, अशी आहे. शिपाई लहान पी चा आणि चेअरमन मोठ्या सी चा. मास्तर, तुमच्या मजकुरात शिपाईमामांचा उल्लेख आहे ना? त्यांचा पी कसा छापलाय?

---

वेण्णाकाठचा मास्तर (सातारा)

लहान. समितीने सुधारून दिलेल्या प्रतीतही लहान. यावर मी काही बोलत नाही.

शीर्षकांचं तेवढं राहिलं. कुणी प्रत्येक शब्द मोठा करतंय, कुणी फक्त पहिला.

---

विश्रामबागच्या बाई (सांगली)

शीर्षकाच्या दोन पद्धती. एकीत फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं मोठी, वाक्यासारखं. दुसरीत महत्त्वाचे शब्द मोठे, आणि ए, अँड, द, ऑफ वगैरे लहान. पहिला आणि शेवटचा शब्द मात्र काहीही असला तरी मोठा. दुसऱ्या पद्धतीत दोन खड्डे आहेत. 'इज' दोनच अक्षरांचा म्हणून सगळे लहान ठेवतात. ते क्रियापद आहे, आय मोठा पाहिजे. आणि 'विथ', 'फ्रॉम', 'अबाउट' असली शब्दयोगी मंडळी. असोसिएटेड प्रेस चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द मोठे करते. शिकागो पूर्वी अशी सगळी मंडळी लहान ठेवायची, २०२४ च्या आवृत्तीपासून पाच किंवा जास्त अक्षरांची मोठी केली. म्हणजे 'विथ' एकीकडे मोठा, दुसरीकडे लहान. शाळेच्या स्मरणिकेला ही डोकेदुखी कशाला? पहिली पद्धत घ्या.

पदांसाठी एक युक्ती देते. जिथे जिथे नुसतं 'द चेअरमन' आहे, तिथे शक्य तेवढं नाव घाला. चेअरमन अमुक, सेक्रेटरी तमुक. नावाला जोडलं की कॅपिटल आपोआप आणि नियमाने. सहीखाली आणि कार्यकारिणीच्या यादीतही पदं मोठी चालतात. शिपाईमामांचंही नाव घाला, म्हणजे त्यांचा पी पण मोठा.

---

राजवाडा कट्टा (सातारा)

बाई, तुम्ही समितीवर पाहिजे होतात.

---

वेण्णाकाठचा मास्तर (सातारा)

युक्ती लागू पडली. नावं वाढतायत म्हटल्यावर बैठकीत कुणी हरकत घेतली नाही, उलट दोघांनी आपलं नाव आणखी कुठे येईल ते सुचवलं. शिपाईमामांचं नावही गेलं. बिल्डिंग, लायब्ररी लहान झाली. बोअरवेलवर मतदान झालं, ती पण लहान. सातारेन्सिसवर अपेक्षेप्रमाणे गदारोळ झाला, पण विज्ञानाच्या सरांनी पुस्तक आणून दाखवलं.

आता एकच अडलंय, आणि ते नाजूक आहे. देणगीदारांत बरेच कैलासवासी आहेत. इंग्रजीत 'लेट'. एल मोठा की लहान? घरच्या लोकांना वाईट वाटायला नको. आणि पत्राच्या शेवटचं 'युअर्स फेथफुली'?

---

विश्रामबागच्या बाई (सांगली)

वाक्याच्या मध्ये 'द लेट' लहान एल ने, पुढचा 'श्री' किंवा 'श्रीमती' मोठ्या एस ने, कारण तो नावाला जोडलेला आहे. देणगीदारांची यादी असेल तर ओळीची सुरुवातच 'लेट' ने होईल, तिथे एल आपसूक मोठा. कुटुंबातले लोक बघतात ती यादीच.

'युअर्स' चा वाय मोठा, 'फेथफुली' चा एफ लहान.

---

वेण्णाकाठचा मास्तर (सातारा)

मग कैलासवासी सगळे यादीतच घेतो, मजकुरातले दोन आहेत त्यांची वाक्यं फिरवतो. सोमवारी फाइल प्रेसला जाते. जुळारीकाका, प्रूफ आलं की एकदा तुमच्या डोळ्याखालून घालायचंय, संपर्क कसा करू ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

खणभागातला जुना जुळारी (सांगली)

कळवतो. प्रूफ कागदावर आणा, मोबाइलवर मला लहान-मोठं दिसत नाही.